मदत हवी आहे: अ‍ॅम्बॅसेडर मार्क टू, डायनामो करंट देतो पण बॅटरी भरत नाही (परभणी)

राम राम मंडळी,

गाडी 1972 ची, वडिलांनी घेतलेली. लुकासचा डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा), आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) व रेग्युलेटर (डायनामोचे व्होल्ट आवरणारा) एकाच कंट्रोल बॉक्समध्ये. दिवसा काही जाणवत नाही. रात्री हेडलाइट लावून जिंतूरपर्यंत गेलं की उजेड पिवळा पडतो आणि गाडी बंद केली की सेल्फ उचलत नाही, धक्काच मारावा लागतो. बॅटरी नवी आहे, फॅन बेल्ट ताणलेला आहे, डायनामोचे कार्बन बदललेत.

बंद गाडीत बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवते. रेस दिली की चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझतो, तरी बॅटरीवर 12.8 च्या वर आकडा जात नाही. हेडलाइट लावले की 12 च्या खाली. मग डायनामोवरच्या डी (करंट बाहेर देणारं टर्मिनल) आणि एफ (फील्डचं टर्मिनल) या दोन्ही वायरी काढल्या, ती दोन टर्मिनलं तारेनं एकमेकांना जोडली आणि मीटर तिथून बॉडीला लावला. हळूहळू रेस वाढवली तर आकडा न अडखळता 15 च्या पुढे गेला. तिथंच थांबलो, कारण 20 च्या वर जाऊ द्यायचं नसतं. फील्ड कॉइल (डायनामोत चुंबक तयार करणारी) गेली असती तर जेमतेम 1 व्होल्ट आला असता, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) गेलं असतं तर 4-5. म्हणजे डायनामो ठणठणीत आहे.

इथले सगळे मेकॅनिक म्हणतात, अल्टरनेटर (नव्या गाड्यांत डायनामोच्या जागी असतो तो) टाकून मोकळे व्हा. मला ते नको आहे. वडिलांनी जशी वापरली तशीच गाडी ठेवायची माझी मनापासून इच्छा आहे. बॉक्स दुरुस्त होईल का? सुरुवात कुठून करू?

---

उत्तर, नांदेडहून:

दादा, बॉक्स टाकून देऊ नका. लाल दिवा पूर्ण विझतोय, म्हणजे कटआउट लागतोय. माझा संशय रेग्युलेटरच्या पॉइंटवर (उघडझाप करणारे संपर्क) आहे. फील्डचा करंट त्यांच्यातूनच जातो. ते काळे पडले की फील्ड उपाशी राहते आणि डायनामो असून नसल्यासारखा.

वायरी परत जागेवर लावा. इंजिन जरा रेसवर ठेवून बॉक्सवरचे डी आणि एफ दोन-चार सेकंदच जोडा, मीटर बॅटरीवर. आकडा चढला तर दोष पॉइंटचा किंवा सेटिंगचा. नाही चढला तर डायनामो ते बॉक्स एफची वायर बघा, लग (वायरच्या टोकाची क्लिप) आतून गंजलेला असतो.

रेग्युलेटरचे पॉइंट बारीक कार्बोरंडमनं (घासायचा कठीण दगड) घासा आणि स्पिरिटनं पुसा. कटआउटच्या पॉइंटला मात्र कार्बोरंडम लावू नका, तिथं बारीक काचपेपरच.

रेग्युलेटरच्या सेटिंगचे स्क्रू एवढ्यात फिरवू नका. सेटिंग बघायचं तर बॉक्सवरच्या ए आणि ए-वनच्या (बॅटरी आणि गाडीच्या बाकी वायरिंगकडे जाणाऱ्या) वायरी काढून, एकत्र जोडून बघतात; तेव्हा डी वर सुमारे 16 व्होल्ट हवेत, उन्हाळ्यात थोडे कमी. आधी डी-एफ जोडून काय आकडा येतो तेवढं कळवा.