जुनी टू-स्ट्रोक डर्टबाईक: गरम झाली की रेस खाली येत नाही, जेट बदलून थकलो

चिखलवाट
मंडळी, मदत हवीये. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली १२५ सीसी वॉटर कूल्ड टू-स्ट्रोक डर्टबाईक आहे, मधली कितीतरी वर्षं नुसती उभी होती. आता मनापासून ठरवलंय की ही परत नीट पळवायची. टाकी साफ केली, नवीन प्लग टाकला, एअर फिल्टरचा फोम हातात घेतल्यावर चुरा झाला म्हणून तोही नवा बसवला. थंड असताना तिसऱ्या किकला चालू होते, पहिली दहा मिनिटं एकदम मस्त, पण एकदा गरम झाली की रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहतं, दोन-तीन सेकंदांनी खाली येतं आणि मग आयडलिंग कधी वर कधी खाली. वरून कमी रेसमधून पटकन ओढली की भक्क करून गळाठते. कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक) दोन नंबर मोठा टाकून बघितला, मग अजून एक, काडीचा फरक नाही. इंजिनला धोका नको म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला ६० मिली टाकतोय. प्लग काढला तर टोक पांढरट. पुढे कुठला जेट टाकू?

रीडव्हॉल्व
भाऊ, आधी जेट खाली ठेव. मेन जेटने फरक पडला नाही यात नवल काहीच नाही, तो काम करतो पाऊण रेसपासून फुल्लपर्यंत. तुझा सगळा त्रास खालच्या पाव रेसमधला आहे, तिथे मालक स्लो जेट (कमी रेसचं पेट्रोल सोडणारा), एअर स्क्रू (तिथली हवा कमी-जास्त करणारा) आणि स्लाइडचा कटअवे (रेस दिली की वर उचलणाऱ्या झडपेचा तिरका काप), आणि मधल्या पट्ट्यात त्या स्लाइडला लटकलेली सुई. खात्री करायची तर ग्रिपवर आणि शेजारच्या हाऊसिंगवर चिकटपट्टीचे तुकडे लाव आणि पेनाने बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कर, मग गाडी नक्की कुठल्या खुणेला अडखळते ते डोळ्यांनी दिसतं. अंदाजाने सांगण्यात आणि खुणेवर बघण्यात खूप फरक पडतो, मी स्वतः कितीतरी वेळा "अर्ध्या रेसला" म्हणायचो आणि खूण सांगायची पावच्याही खाली.

आणि ६० मिली फार झालं. ३२:१ (३२ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) म्हणजे लिटरला ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५. जास्त ऑइल टाकलं की जेटमधून त्याच मापात ऑइल जास्त आणि पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिक्स्चर उलट लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं). प्लग आधीच पांढरट आहे, ती लीनचीच खूण, त्यात ही भर. तुझ्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये जे माप असेल तेच धर, आणि टाकीतलं जुनं सगळं काढून टाक.

कार्बोरेटर उघडलास का? इतकी वर्षं उभ्या गाडीचा स्लो जेट नुसता फुंकून साफ होत नाही. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, सुकलेल्या पेट्रोलचा पिवळा थर आतून बसतो. उजेडाकडे धरलं तर भोक दिसतं, म्हणून वाटतं साफ आहे, पण ते गोल दिसतंय की कडेला चंद्रकोर झालीये ते बघ. वायरीतली एकच बारीक तांब्याची तार घालून हलक्या हाताने फिरव, स्टीलची सुई किंवा ड्रिल अजिबात नको, पितळ मऊ असतं आणि भोक एकदा मोठं झालं की तो जेट गेला.

जुनागॅरेजवाला
वरचं सगळं बरोबर आहे पण मला वाटतं मूळ दुखणं कार्बोरेटरमध्ये नाहीच. रेस सोडल्यावर इंजिन ओरडत राहणं, आयडलिंग नाचणं, प्लग पांढरा, ही हवा शिरत असल्याची लक्षणं. टू-स्ट्रोकमध्ये मिक्स्चर आधी क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीत) ओढलं जातं आणि तिथून सिलेंडरमध्ये ढकललं जातं, म्हणजे क्रँककेस स्वतःच पंप आहे, त्याला कुठेही बारीकशी फट असली की तिथून फुकटची हवा येते आणि तुम्ही बाहेर कितीही जेट बदला, हिशोब जुळत नाही. थंड असताना चोकमुळे आणि जाड मिक्स्चरमुळे झाकलं जातं, गरम झाल्यावर उघडं पडतं. आणि हे टाळू नका हो, अशी गाडी फुल्ल रेसला लांब ओढली की पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकतो.

फट शोधायला प्रेशर टेस्ट करा, घरी होते. एक्झॉस्ट पाइप काढून तिथे रबराचा तुकडा आणि वर पत्रा आवळून बंद करा, कार्बोरेटर काढून त्या रबरी नळीत बूच बसवा, बुचातून एक छोटी नळी. प्लग जागेवर, पिस्टन पूर्ण खाली. आता नळीला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा. हो, तेच दंडाला बांधतात ते, फक्त पट्टा नको. २५० पर्यंत हवा भरा, म्हणजे साधारण ५ पीएसआय, त्याच्या फार वर जाऊ नका, नाहीतर चांगली सीलसुद्धा बाहेर ढकलली जाते. काटा पाच-सहा मिनिटं जवळपास तिथेच राहिला पाहिजे. मिनिटाला ५० पेक्षा जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर लावा. आधी रबरी नळी वाकवून बघा, भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. मग रीडची (मिक्स्चर एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेची) गॅस्केट, सिलेंडरचा तळ, पॉवरव्हॉल्वचा (एक्झॉस्टचं तोंड कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) शाफ्ट आणि मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकाचं) कव्हर काढून डावीकडचं क्रँक सील (क्रँकभोवतीची रबरी कडी).

उजवीकडचं सील गिअर ऑइलच्या बाजूला असतं, ते गेलं की हवेऐवजी ऑइल ओढतं, मग पांढरा धूर निघतच राहतो आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते. तुमच्या वर्णनात धूर नाही, म्हणून माझा संशय डावीकडे.

चिखलवाट
दादा, तुमचं अगदी नेमकं निघालं. काल टेस्ट केली. २५० पर्यंत भरलं आणि मिनिटाभरात काटा ९० वर. नळीला काही नाही, सिलेंडरला काही नाही, मॅग्नेटमागे साबणाचं पाणी टाकलं तर क्रँकच्या भोवती नुसता फेस, डोळ्यासमोर फुगे येत होते. इतके महिने जे शोधत होतो ते असं समोर बघून अंगावर काटा आला. आता सील बदलताना काय सांभाळू?

जुनागॅरेजवाला
मॅग्नेट काढायला पुलरच वापरा, हातोडा किंवा दोन बाजूंनी पेचकस घालून उचकटणं नको. पुलरचे आटे बऱ्याचदा उलटे असतात, ते बघून फिरवा. स्टेटरची (मॅग्नेटमागच्या कॉइलची) प्लेट काढायच्या आधी तिच्यावर आणि केसवर एकच रेघ मारून ठेवा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलेल. जुनं सील काढताना क्रँकवर ओरखडा पडता कामा नये, नवीन सील त्याच ओरखड्यातून परत गळतं. क्रँकवर जुन्या सीलने चर पाडली असेल तर नवं सील एखाद मिलिमीटर अलीकडे बसवा, तेवढी जागा असेल तर. ओठाला ग्रीस लावा, सरळ बसवा, तिरकं गेलं तर काढून नवीन घ्या. काही इंजिनांत सील केसच्या खाचेत अडकवलेलं असतं, तिथे केस उघडल्याशिवाय निघत नाही, म्हणून आधी नीट बघा. झाल्यावर तीच टेस्ट परत करा, मगच कार्बोरेटर लावा.

चिखलवाट
झालं! नवीन सीलवर काटा पाच मिनिटं हललाच नाही. मेन जेट मूळ नंबरचा परत टाकला, स्लो जेट तारेने साफ केला, ऑइल ३२:१. एअर स्क्रू पूर्ण आत करून मग दीड फेरी बाहेर काढला, गरम इंजिनवर थोडं इकडे तिकडे करून जिथे रेस सगळ्यात चढते तिथे ठेवला. रेस सोडली की लगेच खाली बसते, आणि मधून ओढली की पुढचं चाक हलकं होतं! फक्त एक काळजी राहिलीये, इतके दिवस लीन पळवली त्याचं काय?

रीडव्हॉल्व
भारी काम केलंस! एक्झॉस्ट काढून पोर्टमधून टॉर्चने पिस्टनकडे बघ, क्रँक हळू फिरवत. एक्झॉस्टच्या बाजूलाच सगळ्यात जास्त तापतं, तिथे उभे ओरखडे किंवा भिंतीवर चिकटलेलं ॲल्युमिनियम दिसलं तर सिलेंडर काढावाच लागेल. नुसत्या बारीक रेघा असतील तर काढल्यावर नख फिरवून बघ, नख अडकत नसेल तर रिंगचा गॅप मोजून नवीन रिंग टाकली तरी चालतं. सिलेंडर काढलाच तर पॉवरव्हॉल्ववरचा काळा थरही त्याच वेळी साफ कर, तो अडकलेला असला की वरची ताकद येत नाही. फोटो टाक.