छोट्या बँडची प्रकाशयोजना, खिशाला परवडेल अशी: अनुभव धागा

पाच-सहा जणांचा बँड, २० बाय १२ फुटांचा मंच, समोर शंभर ते तीनशे माणसं, आणि वेगळा लाइटवाला बोलवायची ऐपत नाही. अशा कार्यक्रमाला स्वतःचं सामान नेताना काय घ्यावं, कुठे लावावं, काय बिघडतं, ते लिहा. शार्पी (फिरत्या झोताचे दिवे) आणि एलईडी वॉल भाड्याने आणणाऱ्यांनी हा धागा सोडून द्यावा. बँडची कहाणी नको. मापं, वायरी, आकडे हवेत.

पारवाला

पहिले पैसे चेहऱ्यावर घाला. ५४ बाय ३ वॉटचे एलईडी पार (डब्यासारखे रंगीत झोताचे दिवे) गल्लोगल्ली मिळतात, म्हणून लोक आठ घेतात आणि आठही मागे लावतात. मग गायिका म्हणजे काळी सावली आणि मागे जत्रा! समोरून रंगीत पारही नको. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात सावळी त्वचा राखट दिसते, साडीचा रंग बदलतो. समोर १०० वॉटचे दोन वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरे) कॉब पार, म्हणजे एकाच मोठ्या एलईडीचे, घ्या, ३००० ते ३२०० केल्विनचे. मंचापुढे डाव्या-उजव्या बाजूला एकेक, आतल्या बाजूला वळवून.

उंचीचा हिशेब बहुतेक जण चुकतात. तीन मीटरचा स्टँड म्हणजे दहा फूट. मंच दीड फूट धरला तर उभ्या माणसाचा चेहरा जमिनीपासून सात फुटांवर. फरक फक्त तीन फूट. म्हणून स्टँड गायकापासून पाच-सहा फुटांवर हवा, म्हणजे तीस अंशांच्या जवळपास कोन मिळतो. जास्त मागे नेला तर प्रकाश आडवा येतो: डोळ्यांत खुपतो, चष्मा चमकतो, सावल्या मागच्या फ्लेक्सवर चढतात.

रंगीत पार सहा पुरेत. चार पार कलाकारांच्या मागे जमिनीवर, वर वळवून. केस आणि खांदे उजळले की माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. दोन पडद्यासाठी. काळा पडदा रंग गिळून टाकतो. पांढरट मांजरपाट लावलं तर दोन पारमध्ये अख्खी भिंत रंगते. एका गाण्याला दोन रंग, तिसरा नको.

बैठकीवाला

वरचा हिशेब उभ्या बँडचा. हार्मोनियम-तबला खाली बसून असेल तर चेहरा चार फुटांवर येतो, फरक सहा फूट, आणि सहा फुटांवरच्या स्टँडने नेमका ४५ अंशांचा कोन मिळतो. मात्र तबलजी खाली बघतो, त्याला थोडा खालून प्रकाश लागतो. मंचाच्या काठाशी एक छोटा वॉर्म पार, दहा-पंधरा टक्क्यांवर. त्याहून वाढवला की भुताचा चेहरा.

फ्लेक्सचं दुखणं खरं आहे. प्रायोजकांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा चकचकीत फ्लेक्स काढायला कुणी तयार होत नाही. निदान कलाकार त्याच्यापासून पाच फूट पुढे बसवा.

तीन फेज

५४ गुणिले ३ म्हणजे कागदावर १६२ वॉट. स्वस्त पार तेवढे ओढत नाहीत, पण हिशेब १६२ नेच करा. सहा पार ९७२, दोन कॉब २००, एकूण ११७२ वॉट. ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॉट देतो, म्हणजे जेमतेम बसलं. स्मोक मशीन याच बोर्डावर लावलं की फ्यूज गेलाच. त्याला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट. गुंडाळीवरची वायर पूर्ण सोडा, नाहीतर भाराखाली आतल्या आत तापते.

मांडवात पहिला प्लग लावण्याआधी मल्टिमीटर. फेज ते न्यूट्रल २२० ते २४०. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शून्य किंवा शंभराच्या आसपास आलं तर अर्थिंग नाहीच, फक्त तिसरं भोक आहे. भार टाकल्यावर पुन्हा मोजा. तीन फेजच्या जनरेटरवर न्यूट्रल ढिला असेल तर कमी भाराच्या फेजचा दाब तीनशेच्या पुढे जातो आणि पार, कीबोर्ड, लॅपटॉपचा चार्जर एका मिनिटात जातात. न्यूट्रलचा स्क्रू स्वतः बघा. डेकोरेशनवाल्याच्या ‘टाइट आहे साहेब’वर जाऊ नका.

साउंड आणि मंचावरचे अँप्लिफायर एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर. लाइट दुसऱ्या फेजवर चालतील, पण त्यांचा बोर्ड कलाकाराच्या हाताशी नको: दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढणं हा गुन्हाच समजा. डीआय बॉक्सवरचा (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट वापरा. हॅलोजनचा जुना डिमर मंचावर असेल तर सिंगल कॉइल पिकअपचं गिटार त्याच्यापासून लांब, नाहीतर तेही गुणगुणतं.

पत्तेवाला

दिव्यांना हुकूम देणाऱ्या स्वस्त १९२ चॅनलच्या डीएमएक्स कन्सोलमध्ये (डीएमएक्स म्हणजे दिवे चालवायची सिग्नल पद्धत) गोंधळ एकाच ठिकाणी होतो. ते १२ लाइट गुणिले १६ चॅनल असं ठरलेलं असतं. पार आठ चॅनलचा असला तरी दुसऱ्याचा पत्ता (त्याचा पहिला चॅनल) ००९ नाही, ०१७. मग ०३३, ०४९, ०६५, ०८१. चारही मागचे पार एकसारखेच हवे असतील तर चौघांना एकच पत्ता द्या, काम निम्मं होतं. कन्सोल चालू केला आणि काहीच पेटत नाही? बरेचसे कन्सोल ब्लॅकआउटमध्येच सुरू होतात. तरीही नाही तर मागची पोलॅरिटीची कळ (सिग्नलच्या दोन तारांची अदलाबदल करणारी) बघा.

केबल पारमधून पारमध्ये, एका ओळीत. वाय जोड अजिबात नाही. शेवटच्या पारच्या आउटमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर घातलेला एक्सएलआर (माइकसारखा तीन पिनांचा) प्लग खोचा. शेवटचा पार उगाच फडफडत असेल तर नव्वद टक्के हेच कारण. माइकची केबल दहा-पंधरा मीटर चालून जाते, पण दोन्ही टोकांना पिवळी टेप लावा. घाईत तीच केबल मिक्सरला गेली आणि ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरमधून माइकला जाणारी वीज) चालू असला तर पारचं इनपुट जाऊ शकतं.

घरीच केबल उपटून बघा: सिग्नल गेल्यावर काही पार आहे त्या रंगावर थांबतात, काही विझतात, काही ऑटोमध्ये नाचू लागतात. अभंगाच्या मधोमध हे कळायला नको.

बिनकन्सोल

कन्सोल घेऊच नका असं माझं मत. क्यूएलसी प्लस हे लॅपटॉपवरून दिवे चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एफटीडीआय चिपची यूएसबी ते डीएमएक्स केबल लागते. स्वस्त केबलमध्ये वेळेचं गणित लॅपटॉपच करतो, म्हणून तो दुसऱ्या कामात गुंतला की फेड (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणं) अडखळतो. ब्राउझर बंद, पॉवर सेव्हिंग बंद, यूएसबी सस्पेंड बंद. स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असलेली केबल महाग पडते, पण ही कटकट राहत नाही.

सहाच बटणं करा: मुखडा, अंतरा, सोलो, निवेदन, टाळ्या, काळोख. संथ गाण्याला फेड दोन-तीन सेकंद, ठेक्याला ०.३. मिडी पॅडवर (लॅपटॉपला जोडायच्या बटणांच्या पाटीवर) बसवली तर कीबोर्डवाला वाजवता वाजवता बदलतो. साउंड ॲक्टिव्ह मोड (आवाजावर आपोआप बदलणारा) विसरा, तो ढोलकीला भुलतो आणि गझलेला झोपतो.

पिक्सेल

डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा करता येणारी एलईडी पट्टी), मीटरला ६० दिवे, ईएसपी३२ (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर. पाच मीटर म्हणजे ३०० दिवे. प्रत्येकी ६० मिलीअँपिअर धरले तर पूर्ण पांढऱ्यावर ५ व्होल्टला १८ अँपिअर! इतकं पुरवायचं नाही. ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या आणि डब्ल्यूएलईडीमध्ये मर्यादा ८००० मिलीअँपिअर ठेवा. मंचावर ४० टक्केही भरपूर दिसतं. वीज पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या, नाहीतर लांबचं टोक पिवळट-लालसर पडतं, कारण दाब उतरला की निळा दिवा आधी दम सोडतो. डेटाच्या तारेत ३३० ओहम, पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि डेटाचा ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्ट करायला ७४एएचसीटी१२५ ही चिप. डेटाची तार दोन मीटरच्या आत.

क्यूएलसी प्लसकडून चालवायची असेल तर एका युनिव्हर्समध्ये (डीएमएक्स चॅनलच्या एका गठ्ठ्यात) १७० पिक्सेल बसतात, म्हणून ३०० ला दोन लागतात. पण ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर बोलतो आणि तीनशे मोबाइलच्या गर्दीत त्याचा आवाज ऐकू येत नाही. प्रीसेट बोर्डवरच साठवा. सुट्टे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात.

मागून प्रोजेक्टर

प्रोजेक्टर आणि पडद्यातलं अंतर म्हणजे प्रोजेक्टरचा थ्रो रेशो गुणिले पडद्याची रुंदी. दीडच्या प्रोजेक्टरला ८ फुटी पडदा म्हणजे मागे १२ फूट, म्हणजे अख्खा मंच गेला. ०.५ चा शॉर्ट थ्रो चार फुटांत भागवतो. पातळ कापडातून भिंगाचा गोळा प्रेक्षकांच्या डोळ्यांत दिसतो, म्हणून प्रोजेक्टर खाली ठेवून तिरका मारा. ३००० एन्सी ल्यूमेन ८ बाय साडेचार फुटांवर पसरले की ९०० लक्सच्या जवळ. पारचा प्रकाश त्यावर सांडला की चित्र दुधाळ. पडद्याकडचे दोन पार तेव्हा बंदच ठेवा. चित्रं काळ्या पार्श्वभूमीची, संथ, २०-३० सेकंदांची आवर्तनं. पत्र्यावरचा पाऊस स्वतः मोबाइलवर टिपलेला चालतो. गाण्याचे शब्द पडद्यावर नकोत, लोक गायकाकडे बघायचं सोडून वाचत बसतात.

धूर

हॉलमध्ये स्मोक अलार्म आहे का, आधी विचारा. पाण्यावर आधारित द्रवच. टाकी रिकामी असताना चालवलं की पंप जळतो. एक सेकंदाची फुंकर, दोन मिनिटांची विश्रांती, पंखा गायकापासून उलट्या दिशेला.

पहाटवाला

दिवाळी पहाटेला वरचं सगळं उलटं. पुण्यात त्या दिवसांत सूर्योदय साडेसहाच्या आसपास, आणि उजेड त्याआधी वीसेक मिनिटं येतो. सव्वासहानंतर रंग कुणाला दिसत नाहीत. रंगाची गाणी पहिल्या अर्ध्या तासात उरकून घ्या, पुढे फेड पाच-सात मिनिटांचा ठेवा म्हणजे विझल्याचं जाणवत नाही. दव पडतं: लॅपटॉप आणि बोर्ड ताडपत्रीखाली, पण पारची जाळी उघडी.

कॅमेरामागे

मोबाइलवरच्या चित्रीकरणात पट्टे दिसतात, कारण स्वस्त पार मंद केला की तो भराभर उघडझाप करतो. समोरचे कॉब मंद करू नका. प्रखर वाटले तर त्यांच्यापुढे डिफ्यूजन शीट (प्रकाश पसरवणारा कागद) लावा. शटर १/५० किंवा १/१००, व्हाइट बॅलन्स ३२०० वर बांधलेला. चेहऱ्यावर गडद निळा कधीच नको.

स्टँड

ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडा, एक पाय वजनाच्या दिशेने. प्रत्येक पारला सेफ्टी चेन, बांबूला बांधला असला तरी. उघड्यावर वाऱ्यासाठी वाळूची पोती सगळे सांगतात, पण ती न्यायची कोणी? २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो, आणि तो प्रत्येक मांडवात असतोच. दोरीने पायांना बांधा. कार्यक्रम संपेपर्यंत त्यातलं पाणी कुणी काढणार नाही, एवढं चहावाल्याला सांगून ठेवा.