डायलिसिस विभागाच्या वेबसाइटला ड्रोन शॉट कशाला हवा?

पिक्सेलपंत
जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम आलंय. फक्त डायलिसिस विभागाची वेबसाइट आणि तिच्यासाठी व्हिडिओ. व्यवस्थापनाला पान उघडल्या उघडल्या सुरू होणारी तीन मिनिटांची फिल्म हवी आहे. ड्रोनने इमारत, मग ओळीने मशिनं, मग विभागप्रमुख खुर्चीत बसून ‘आमचं ध्येय’ सांगतायत. माझ्या मते हे पैसे पाण्यात.

डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, दर वेळी चार-चार तास पडून असतो. इमारत त्याला पाठ आहे. वेबसाइट उघडतो त्याचा मुलगा नाहीतर सून. काल क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) ९ आलेलं असतं. महात्मा फुले योजनेत बसतं का, कागद कोणते, कोणत्या शिफ्टला जागा आहे, एवढंच त्यांना हवं असतं. तीन मिनिटांची साधी एचडी फिल्म म्हणजे ४०-४५ एमबी, आणि २०१८ पासून क्रोम आवाजासकट व्हिडिओ सहसा आपोआप सुरू होऊच देत नाही. म्हणजे साहेबांचं ध्येय मुक्यानेच!

त्यापेक्षा मिनिट-मिनिटाचे तुकडे करू. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर बीपी घ्यायचं नाही, डायलिसिस सोडून सुई टोचू द्यायची नाही, तो हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. रोज बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं, लागली नाही तर उद्यावर न ढकलता लगेच फोन. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर ड्रेसिंग भिजू न देता अंघोळ कशी करायची. आणि शहाळं! भेटायला येणारा माणूस हटकून शहाळं घेऊन येतो आणि त्यातलं पोटॅशियम या पेशंटच्या हृदयावर बेतू शकतं. हे रोजचा टेक्निशियन आपल्या बोलीत सांगेल. तुमचं मत?

हिशेबनीस
साफ असहमत. मी अशाच एका ट्रस्टची वहीखाती बघतो. मशीन काय शहाळ्याच्या व्हिडिओने येणार आहे? देणगीदार आणि कंपन्यांचे सीएसआरवाले भेटीला यायच्या आधी वेबसाइट बघतात. तिथे त्यांना विभाग मोठा आणि स्वच्छ दिसला पाहिजे. शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या चकचकीत पानासमोर आमचं पान तलाठी कार्यालयाच्या फलकासारखं दिसलं की पुढची मीटिंगच होत नाही. पेशंटचं भलं पैशांतूनच होतं ना?

पिक्सेलपंत
देणगीदारांना वेगळं पान द्या, फिल्म तिथे टाका. मुख्य पान पेशंटचं. यात अडचण काय?

हिशेबनीस
अडचण ही की वेगळ्या पानावर कोणी जात नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

नेफ्रॉन
डॉक्टर आहे, म्हणून दोघांनाही चार शब्द.

पंत, सूचनांचे व्हिडिओ दिसतात तितके निरुपद्रवी नसतात. दिवसाला पाणी किती, हे प्रत्येकाला वेगळं. लघवी किती होते, दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढतं, त्यावर ठरतं. व्हिडिओत आकडा टाकलात की शेजारचा पेशंटही तोच धरून बसणार. आकडे काढा, ‘तुमचं ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) विचारा’ एवढंच ठेवा. कोणी तपासलं आणि कधी, हे प्रत्येक व्हिडिओखाली हवं, नाहीतर जुनी माहिती वर्षानुवर्षं फिरत राहते.

हिशेबनीस, खुर्चीतल्या साहेबांचं जरा जपून. डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत बसत नाही. ओळख पटेल असा पेशंटचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापायलाही त्याची परवानगी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले होते, त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि गाडी परत २००२ वर आली.

मिरजेची_सून
वेबसाइट वगैरे आम्ही कधी उघडलीच नाही. टेक्निशियनदादा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तेच बघायचो. तरीही मी फिल्मच्या बाजूने. सासूबाई पहिल्या डायलिसिसला तयारच नव्हत्या. सगळं रक्त बाहेर काढतात आणि माणूस परत उठत नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. कुठल्याशा हॉस्पिटलच्या व्हिडिओत त्यांच्याच वयाची बाई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती, नळ्या हाताला तशाच लावलेल्या. “ही बघ की, शेंगा सोलतीया,” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या. फिस्टुलाचा व्हिडिओ त्यांनी त्या दिवशी पाहिलाही नसता.

पिक्सेलपंत
पटलं. पण ती शेंगावाली बाई फिल्ममध्ये कशी आली, हाच माझा प्रश्न. फुकट किंवा सवलतीत खुर्ची मिळालेला पेशंट, परवा परत याच लोकांच्या हाताखाली झोपणार. कॅमेरा घेऊन विचारलं तर ‘नाही’ कुठल्या तोंडाने म्हणेल? त्या सहीला मी परवानगी मानत नाही. चेहरा हवाच असेल तर विचारणारा माणूस विभागाबाहेरचा असावा, आणि नंतर मन बदललं तर व्हिडिओ उतरवायची सोय फॉर्मवरच लिहिलेली असावी.

हिशेबनीस
अहो, अर्धे पेशंट हौसेने पुढे येतात. आमच्याकडे एक आजोबा शूटिंग आहे म्हणून फेटा बांधून आले होते. प्रत्येकाला बिचारा ठरवू नका.

अंधुक
मूळ मुद्दा कोणी घेतलाच नाही. मधुमेहाने किडनी जाते, तसा डोळ्यांचा पडदाही जातो, त्यामुळे डायलिसिसच्या बऱ्याच पेशंटना नीट दिसत नाही. माझंही तेच. मी फोन ऐकून वापरतो. कागदपत्रांची यादी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये टाकलीत तर स्क्रीन रीडर तिथे गप्प. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधून तसाच उचललेला मजकूर असेल तर अगम्य काहीतरी बरळतो. युनिकोडमध्ये टाइप करा, फिकट निळ्यावर पांढरी अक्षरं नकोत (रंगांतला फरक किमान ४.५ ला १ हवा), आणि ‘इथे दाबा, असं धरा’ म्हणताना ‘असं’ म्हणजे कसं, तेही बोला. व्हिडिओखाली मराठी ओळी द्या, वॉर्डात आवाज बंद करून बघणारेही असतात. सरकारी वेबसाइटना हे नियम कधीचे लागू आहेत. ट्रस्टला कोणी अडवलंय?

मिरजेची_सून
अंधुक यांना दुजोरा. आणि ड्रोन आणणारच असाल तर खाली उतरवा. रिक्षा कुठे थांबते, कोणत्या गेटला उतार आहे, लिफ्ट कुठे, सकाळच्या शिफ्टला मागचं दार किती वाजता उघडतं, ते चालत-चालत शूट करा.

हिशेबनीस
मागच्या दाराला बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या असतात. ते ट्रस्टी वेबसाइटवर येऊ देतील असं वाटतं तुम्हाला?

नेफ्रॉन
मग पिशव्या हलवा.