आखाजीला आलेले पिल्लू आणि दहा वर्षांचा मोती

प्रश्न : यावलकर

आमच्या घरी मोती नावाचा दहा वर्षांचा गावठी कुत्रा आहे. ओट्यावर दाराच्या डाव्या अंगाला अंथरलेले गोणपाट ही त्याची जागा आणि नानांचे जेवण झाले की मिळणारी दादर ज्वारीची भाकरी हा त्याचा नेम. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तेव्हा भाच्याने केळीच्या बागेत सापडलेले एक पिल्लू सोबत आणले. बहीण सासरी परतली, पिल्लू मात्र येथेच राहिले. ते सात-आठ आठवड्यांचे असावे. रंगावरून आम्ही त्याला भुऱ्या म्हणतो.

पहिले दोन दिवस मोतीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी भुऱ्या मागून त्याच्या कमरेवर चढला; मोती गुरगुरला, तरी पिल्लू हटेना, तेव्हा त्याने त्याची मान तोंडात धरून त्याला खाली दाबले. रक्त आले नाही, परंतु पिल्लाने सारी गल्ली गोळा होईल एवढा आकांत केला आणि नानांनी रागाच्या भरात मोतीला काठीचा एक फटका दिला. तेव्हापासून मोती गुरगुरत नाही. पण गोणपाट सोडून तो न्हाणीच्या मागे जाऊन बसतो आणि निम्मी भाकरी तशीच टाकतो. घरभर लघवी आणि नानांची कुरतडलेली चप्पल हे वेगळेच. पिल्लू परत देऊन टाका, असे नाना म्हणतात. मोती त्याला कधी सांभाळून घेईल का, की या वयात त्याच्यावर हा अन्यायच होतो आहे?

उत्तर : तापीकाठ

दादा, मोतीचे गुरगुरणे थांबले, याचीच मला अधिक काळजी वाटते. गुरगुरणे ही कुत्र्याची ताकीद असते. ताकीद दिल्याबद्दल मार बसतो हे त्याला कळले, की तो ती देणे सोडतो, आणि पुढच्या वेळी न बोलता चावतो. त्याने मान धरली, दाबली आणि रक्त न काढता सोडली, यावरून त्याला जबड्यावर किती ताबा आहे ते दिसते. पिल्लाला त्याच्या आईनेही असेच शिकवले असते. गुरगुरण्याच्याही आधी तो तोंड फिरवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, अंग ताठ करतो. ते दिसताच पिल्लाला तेथून उचलावे, मोतीला काही बोलू नये.

गोणपाटाची जागा त्याला आधी परत मिळवून द्या. आमच्याकडे आम्ही जुनी बाज आडवी उभी करून ओट्याचा एक कोपरा पिल्लासाठी बंद केला होता. या वयाचे पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपते आणि झोप अपुरी राहिली, की चिडक्या मुलासारखे सगळ्यांना चावत सुटते, म्हणून कोपऱ्यात ठेवणे ही त्याला शिक्षा नव्हे. दोघांच्या ताटल्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा आणि भाकरी आधी मोतीला घाला. रोज संध्याकाळी दोघांना दोरीने बांधून गावाबाहेरच्या रस्त्याने सोबत फिरवा. परक्या जागी कोणाचाच हक्क नसतो.

उत्तर : गुरांचा डॉक्टर, चोपडा

वरील सल्ला योग्य आहे, मात्र पिल्लाला इतक्यात रस्त्यावर उतरवू नये. पार्व्हो या आतड्याच्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि लस न झालेल्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली, तर ते दोन-तीन दिवसांतही हातचे जाते. पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन्ही जीवघेण्या रोगांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यावे. तोवर दोघांची भेट घराच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) किंवा गच्चीवर घडवा, म्हणजे मोती जेथे झोपत नाही अशा घरातल्याच जागी. पिल्लाला माणसांची, आवाजांची सवय लागण्याचे वय मात्र हेच आहे, तेव्हा कडेवर घेऊन त्याला जरूर फिरवा.

मला खरी शंका मोतीच्या कमरेची आहे. पिल्लू मागून चढल्यावरच तो भडकला, असे आपण लिहिले आहे. या वयात मागच्या पायांचे सांधे बहुधा दुखतात आणि दुखऱ्या जागी भार पडला, की शहाणा कुत्राही संयम सोडतो. उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो का, ओट्याची पायरी टाळतो का, हे पाहा व त्याला डॉक्टरांना दाखवा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतात. न्हाणीमागे तो बसतो, याचे कारण निव्वळ रुसवा नसावे. पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या या दिवसांत तेथली ओल कोणालाही बरी वाटेल. शेवभाजीच्या रश्शात कुस्करलेली भाकरी मात्र दोघांनाही घालू नका, कारण त्यातील कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो.

उत्तर : चाळीसगावची सून

लघवीचे सांगते. पिल्लू झोपेतून उठले, जेवले किंवा खेळून थांबले, की त्याच क्षणी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे झाले, की लगेच शाबासकी द्यावी. घरात झालेल्या जागी त्याचे नाक घासल्याने ते फक्त लपून करायला शिकते. नानांची चप्पल उंचावर ठेवावी, याला दुसरा उपाय आमच्या सासऱ्यांनाही सापडला नाही.

यावलकर

सर्वांचे आभार. मोतीला दाखवून आणले. डॉक्टरांनी डावा मागचा पाय मागे ताणला, तेव्हा त्याने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिले, तेवढ्यावरूनच त्यांनी खुब्याचे दुखणे ओळखले. औषध सुरू आहे, गोणपाटाखाली जुनी गोधडी घातली आहे, आणि भुऱ्याची पहिली लस झाली. आठ दिवसांत मोती ओट्यावर परतला, भाकरीही संपवू लागला. काल दुपारी भुऱ्या त्याच्या शेपटीशी गेला, तेव्हा मोती कित्येक दिवसांनी पुन्हा गुरगुरला. नाना आतून उठून आले, त्यांनी काही न बोलता पिल्लाला काखेत घेतले आणि बाजेपलीकडे नेऊन ठेवले.