प्रश्न फक्त आत्मविश्वासाचा नाही

गरीब घरातली हुशार मुलं आत्मविश्वास नसल्यामुळे नामांकित कॉलेजांत अर्ज करत नाहीत, हे मत मला अपुरं वाटतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून अशा मुलांना पत्रं पाठवली: प्रवेश मिळाला, तर चार वर्षांची ट्यूशन फी माफ, त्यासाठी वेगळे फॉर्म नकोत. पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवलं. एरवीही बहुतेकांना जवळजवळ तेवढीच मदत मिळाली असती! तरीही पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्के मुलांनी अर्ज केले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. म्हणजे नडते ती खर्चाची अनिश्चितता. छापील फी बघूनच घरात विषय संपतो, आणि मुलाला कुणी विचारतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.