मदत हवी आहे: रेड स्टार बेलग्रेडची लीग विजेतेपदं 35 की 36? विक्रमांचा तक्ता जुळत नाही

तक्तेवाला
मराठी विश्वकोशीय लेखासाठी बेलग्रेडच्या रेड स्टार फुटबॉल क्लबचा (मूळ नाव त्स्रवेना झ्वेझ्दा, स्थापना 4 मार्च 1945) विक्रमांचा तक्ता करतोय. मर्यादा 2024-25 हंगामाच्या अखेरपर्यंत ठेवली आहे. अडचणी अशा:

लीग विजेतेपदं काही ठिकाणी 35, काही ठिकाणी 36 दिसतात. 1985-86 चा विजेता एका जुन्या यादीत रेड स्टार आहे, नव्या यादीत पार्टिझान (बेलग्रेडचाच दुसरा क्लब). दोन्ही बरोबर कसं असेल?

1990-91 च्या युरोपियन कपात (आजची चॅम्पियन्स लीग) संघ अपराजित होता असं सगळीकडे वाचलं, पण गोलांची बेरीज एका ठिकाणी 18 आणि दुसऱ्या ठिकाणी 19 येते.

क्लबचा जुना खेळाडू बोरा कोस्तिच याचे गोल 158, 230 आणि पाचशेच्या वर, असे तीन आकडे मिळाले. यातला तक्त्यात कोणता घ्यावा?

शिवाय 1988 ते 1992 च्या युगोस्लाव्ह लीगमध्ये विजय गुणिले दोन अधिक बरोबरी हे गणित गुणांशी जुळतच नाही. सूत्र तीनदा तपासलं. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तरेची_भिंत
सूत्र बरोबर आहे, नियम वेगळा होता. 1988-89 पासून 1991-92 पर्यंत युगोस्लाव्ह लीगमध्ये सामना बरोबरीत सुटला की पेनल्टी शूटआउट घेत. शूटआउट जिंकणाऱ्याला एक गुण, हरणाऱ्याला शून्य. नियमित वेळेत जिंकल्यास दोन गुण. म्हणून या चार हंगामांसाठी बरोबरीचे दोन रकाने करा, ‘शूटआउट जिंकून’ आणि ‘शूटआउट हरून’. गुण = विजय × 2 + पहिला रकाना. दुसरा रकाना फक्त सामन्यांच्या संख्येत येतो, गुणांत नाही. असं केलं की बेरीज जुळेल.

सावा_डॅन्यूब
आता विजेतेपदं. ही एका सलग लीगची यादी नाही, देश बदलत गेलेत. म्हणून देशवार मोजा.

समाजवादी युगोस्लाव्हियात 19: 1951, 1952-53, 1955-56, 1956-57, 1958-59, 1959-60, 1963-64, 1967-68, 1968-69, 1969-70, 1972-73, 1976-77, 1979-80, 1980-81, 1983-84, 1987-88, 1989-90, 1990-91, 1991-92.

त्यानंतरच्या, सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून उरलेल्या देशात 5: 1994-95, 1999-2000, 2000-01, 2003-04, 2005-06. यातली शेवटची दोन देशाचं नाव ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ झाल्यानंतरची.

स्वतंत्र सर्बियात 11: 2006-07, 2013-14, 2015-16, आणि मग 2017-18 पासून 2024-25 पर्यंत सलग 8.

19 + 5 + 11 = 35. छत्तिसावं येतं 1946 च्या सर्बियाच्या स्पर्धेतून. तेव्हा देशव्यापी लीग सुरू व्हायची होती, प्रजासत्ताकांच्या पातळीवर स्पर्धा झाल्या आणि सर्बियातली रेड स्टारने जिंकली. क्लब ती आपल्या एकूण आकड्यात धरतो. देशाच्या पहिल्या श्रेणीच्या लीगपुरती यादी करणारे ती धरत नाहीत. म्हणून तक्त्यात 35 लिहा आणि त्याच ओळीत ‘1946 धरून 36’ असं लिहा. नुसता 36 लिहिलात तर वाचक देशवार बेरीज करून तुम्हालाच चूक दाखवेल.

1951 बद्दल एक: त्या वर्षी हंगाम एकाच कॅलेंडर वर्षात खेळला गेला. ‘1950-51’ लिहू नका, तसा हंगाम झालाच नाही. रेड स्टार आणि दिनामो झाग्रेब यांचे गुण समान होते आणि निकाल गोलसरासरीवर लागला. गोलसरासरी म्हणजे केलेले गोल भागिले स्वीकारलेले गोल. आजच्यासारखी वजाबाकी करून पाहू नका.

तक्तेवाला
देशवार रकाना घातला, 35 जुळले, आभार. मग 1985-86 चं काय? आणि 1991-92 युगोस्लाव्हियात धरायचं की नंतरच्या देशात?

उत्तरेची_भिंत
1991-92 युगोस्लाव्हियातच. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातले क्लब त्याआधीच बाहेर पडले होते, पण स्पर्धा जुन्याच लीगची, तिचा तो शेवटचा हंगाम. छोट्या देशाची वेगळी लीग 1992-93 पासून.

1985-86 साठी घटनाक्रम लक्षात घ्या. पार्टिझान अव्वल आला. शेवटच्या फेरीतले सामने ठरवून खेळले गेल्याचा ठपका ठेवून महासंघाने ती फेरी पुन्हा खेळायला लावली. पार्टिझानने नकार दिला, सामना त्यांच्या विरोधात दिला गेला आणि विजेतेपद रेड स्टारकडे आलं. 1987 मध्ये कायदेशीर निर्णयानंतर ते पार्टिझानला परत मिळालं. आज अधिकृत यादीत पार्टिझान आहे, तेच लिहा.

पण मधल्या काळात एक गोष्ट होऊन गेली. 1986-87 च्या युरोपियन कपात युगोस्लाव्हियाचा विजेता म्हणून रेड स्टार खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीत रियाल माद्रिदकडून बाद झाला (बेलग्रेडला 4-2, माद्रिदला 0-2, बेरीज समान, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांच्या नियमाने). म्हणजे ‘युरोपियन कप खेळला म्हणजे आदल्या वर्षी लीग जिंकला’ या तर्काने यादी बनवणाऱ्याचा इथे हमखास एक आकडा वाढतो. तुमची जुनी यादी बहुधा तशीच बनली असावी. लगेच पुढच्या हंगामातही तीच गुंतागुंत आहे. 1986-87 चा विजेता आधी वार्दार ठरला, वजा केलेले गुण परत मिळाल्यावर पार्टिझान. त्यात रेड स्टारचा संबंध नाही, पण तुलनेसाठी पार्टिझानची 27 विजेतेपदं लिहिणार असाल तर दोन्ही हंगाम तपासा.

बारी_ब्याण्णव
युरोपियन कप 1990-91 चे सगळे निकाल देतो, रेड स्टारचे गोल आधी:

ग्रासहॉपर: घरी 1-1, बाहेर 4-1
रेंजर्स: घरी 3-0, बाहेर 1-1
दिनामो ड्रेस्डेन: घरी 3-0, बाहेर 3-0 (दिलेला निकाल)
बायर्न म्युनिक: बाहेर 2-1, घरी 2-2
मार्सेय: अंतिम सामना, बारी (इटली), 29 मे 1991, 0-0, पेनल्टीवर 5-3

तुमचा 18-19 चा घोळ ड्रेस्डेनमधला. तिथे रेड स्टार 2-1 ने पुढे असताना प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना थांबवला गेला आणि युएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघ) 3-0 असा निकाल दिला. मैदानावर झालेले गोल मोजले तर 18 केले, 7 खाल्ले. अधिकृत निकाल मोजला तर 19 केले, 6 खाल्ले. संघाच्या तक्त्यात अधिकृत निकाल घ्या. खेळाडूंच्या गोलांच्या रकान्यात मात्र मैदानावरचे गोल, कारण दिलेल्या निकालातला तिसरा गोल कुणाच्याच नावावर नाही. दोन्ही रकान्यांची बेरीज त्यामुळे जुळणार नाही. ती जबरदस्तीने जुळवू नका, तळाशी कारण लिहा.

सामने 9, विजय 5, बरोबरी 4, पराभव 0. अंतिम सामना ‘बरोबरी’त जातो, कारण शूटआउट हा सामन्याच्या निकालाचा भाग धरत नाहीत. ‘सहा विजय’ असं बऱ्याच ठिकाणी छापलंय, ते या नियमाने चूक.

शूटआउटमध्ये प्रोसिनेचकी, बिनिच, बेलोदेदिच, मिहाइलोविच, पान्चेव्ह या पाचही जणांनी गोल केले. मार्सेयच्या आमोरोसची पहिलीच पेनल्टी गोलरक्षक स्तोयानोविचने अडवली. प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच. बेलोदेदिच 1986 मध्ये स्टेआउआ बुखारेस्टकडून हाच कप जिंकला होता. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून अंतिम सामना खेळून तो जिंकणारा पहिला खेळाडू तोच. हा विक्रम क्लबचा नसला तरी लेखात यायलाच हवा.

बायर्नविरुद्ध बेलग्रेडमधला 2-2 चा गोल नोंदवताना काळजी घ्या. मिहाइलोविचने टाकलेला चेंडू आउगेनटालरच्या पायाला लागून आत गेला. तो स्वयंगोल आहे. मिहाइलोविचच्या खात्यात त्या सामन्यात फ्री किकवरचा एकच गोल.

सावा_डॅन्यूब
त्यात भर. द्रागान स्तोयकोविच ‘पिक्सी’ 1991 च्या विजेत्या संघात लिहू नका. क्लबने ज्या पाच खेळाडूंना ‘झ्वेझ्दाचे तारे’ हा मान दिलाय (मितिच, शेकुलारात्स, जाइच, व्लादिमिर पेत्रोविच, स्तोयकोविच) त्यात तो आहे, पण बारीत तो मार्सेयकडून बदली खेळाडू म्हणून उतरला होता. सहावा तारा म्हणून 1991 ची संपूर्ण पिढी धरतात, म्हणून यादीत नावं मिसळतात.

आडनावांचा गोंधळ तर या क्लबच्या नोंदीत पदोपदी. स्तोयकोविच, स्तोयानोविच, स्तान्कोविच हे तिघे वेगळे. स्तान्कोविचही दोन: ब्रांको, जो 1979 च्या युएफा कप अंतिम फेरीवेळी प्रशिक्षक होता, आणि देयान, ज्याच्या हाताखाली 2020-21 चा विक्रमी हंगाम झाला. नुसतं आडनाव लिहून रकाना भरू नका. प्रत्येक व्यक्तीला पूर्ण नाव आणि जन्मवर्ष असं एकच ओळखपद द्या, म्हणजे क्रमवारी लावताना दोन माणसं एक होत नाहीत.

तक्तेवाला
हे फार कामाचं. कोस्तिचच्या गोलांचं राहिलं. आणि प्रेक्षकसंख्येचा विक्रम 96,070 की 1,10,000?

उत्तरेची_भिंत
कोस्तिचचे तिन्ही आकडे खरे आहेत. युगोस्लाव्ह लीगमध्ये 158. सर्व अधिकृत सामने धरून रेड स्टारसाठी 230, हाच क्लबचा विक्रम. पाचशेच्या वरचा आकडा मैत्रीपूर्ण सामने धरून. त्या काळी युगोस्लाव्ह क्लब वर्षभर दौरे करत आणि त्या सामन्यांचीही नोंद ठेवत, म्हणून जुन्या खेळाडूंचे आकडे अवाढव्य दिसतात. जाइचच्या सामन्यांचंही तेच. तुमचा नियम ‘फक्त अधिकृत’ असेल तर तो प्रत्येक खेळाडूला लावा. एकाचे मैत्रीपूर्ण धरून आणि दुसऱ्याचे न धरता केलेली क्रमवारी निरुपयोगी.

पान्चेव्हचा रकानाही लक्ष देऊन भरा. 1990-91 च्या लीगमध्ये 34 गोल, युरोपात सर्वाधिक. पण सायप्रसच्या लीगमधल्या आकड्यांवरून वाद झाला, गोल्डन बूट (युरोपातल्या लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) तेव्हा दिलाच गेला नाही आणि पान्चेव्हच्या हाती तो 2006 मध्ये पडला. म्हणून हंगाम 1990-91, प्रदान 2006, असे दोन रकाने.

प्रेक्षकसंख्या: 1975 चा कप विनर्स कप उपांत्य सामना, फेरेन्त्स्वारोशविरुद्ध, 2-2. 96,070 ही विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या, 1,10,000 हा प्रत्यक्ष हजर लोकांचा अंदाज. मुख्य आकडा 96,070, कारण तो मोजलेला आहे. बहुतेक प्रेक्षक तेव्हा उभे राहून सामना पाहत. नंतर सगळीकडे खुर्च्या बसवल्याने ‘मराकाना’ची (रेड स्टारचं बेलग्रेडमधलं मैदान) क्षमता निम्म्याच्या आसपास आली, त्यामुळे हा विक्रम आता मोडणं शक्य नाही.

बारी_ब्याण्णव
अर्धवट सामन्याचं दुसरं उदाहरण उलट दिशेचं आहे, तेही घ्या. 9 नोव्हेंबर 1988 ला बेलग्रेडमध्ये मिलानविरुद्ध रेड स्टारच्या सावीचेविचच्या गोलाने 1-0 अशी आघाडी असताना धुक्यामुळे सामना थांबला. दुसऱ्या दिवशी तो 0-0 पासून पुन्हा खेळवला. निकाल 1-1, आणि मिलान पेनल्टीवर 4-2 ने पुढे गेला. थांबलेला सामना इथे पूर्ण रद्द, म्हणून सावीचेविचचा तो गोलही नोंदीत नाही. ड्रेस्डेनचा सामना ‘निकाल दिला’ या वर्गात, हा ‘रद्द’ या वर्गात. तक्त्यात स्थितीसाठी वेगळा रकाना ठेवलात तर पुढे कधीही बेरीज चुकणार नाही.

नवी_मुंबई_अल्ट्रा
2020-21 च्या हंगामाबद्दल विचारायचं होतं. 108 गुण हा लीगचा विक्रम म्हणून देता येईल ना?

सावा_डॅन्यूब
द्याच, पण सामन्यांची संख्या शेजारी हवी. 38 सामने, 35 विजय, 3 बरोबरी, पराभव नाही, गोल 114-20. कोविडमुळे आदल्या हंगामात कुणालाच खाली पाठवलं नव्हतं, म्हणून लीगमध्ये 20 संघ झाले आणि प्लेऑफविना सरळ 38 फेऱ्या झाल्या. एरवी 16 संघ, 30 फेऱ्या आणि वर प्लेऑफ. शिवाय 2015-16 पासून काही हंगाम 30 फेऱ्यांनंतर गुण निम्मे करत. त्या हंगामांच्या अंतिम गुणांशी 108 ची तुलना करणं अन्याय्य आहे. तुलनेसाठी प्रति सामना गुण काढा: 108 भागिले 38, म्हणजे 2.84. निम्मे केलेल्या हंगामांत विजय × 3 + बरोबरी असे कच्चे गुण घेऊन मग भागा.

तक्तेवाला
सुधारित मसुदा, तपासून द्या: ‘लीग 35 (1946 धरून 36), राष्ट्रीय कप 29, युरोपियन कप 1 (1991), इंटरकॉन्टिनेंटल कप 1 (1991), युएफा कप उपविजेता 1979, युरोपियन सुपर कप उपविजेता 1991. युरोपीय करंडक जिंकणारा एकमेव युगोस्लाव्ह क्लब.’

उत्तरेची_भिंत
शेवटचं वाक्य बदला. दिनामो झाग्रेबने 1967 मध्ये इंटर-सिटीज फेअर्स कप जिंकला होता. युएफा ती स्पर्धा आपली मानत नाही, पण ती युरोपीय होतीच. ‘युरोपियन कप जिंकणारा एकमेव युगोस्लाव्ह क्लब’ हे निर्विवाद. पार्टिझान 1966 मध्ये ब्रसेल्सला अंतिम फेरीत रियाल माद्रिदकडून 1-2 हरला होता.

कप 29 बरोबर: देशवार 12 + 9 + 8, त्यातले शेवटचे पाच 2021 ते 2025 सलग. 1972-73 चा लीग कप यात मिळवू नका, ती वेगळी स्पर्धा.

बारी_ब्याण्णव
सुपर कपपुढे ‘एकच सामना’ लिहा. नेहमी दोन सामने होत, पण युगोस्लाव्हियातल्या परिस्थितीमुळे 1991 चा फक्त ओल्ड ट्रॅफर्डवर झाला, मँचेस्टर युनायटेड 1-0. इंटरकॉन्टिनेंटल कप 8 डिसेंबर 1991, टोकियो, कोलो-कोलोविरुद्ध 3-0, युगोविच 2, पान्चेव्ह 1. सावीचेविचला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळाल्याने उरलेला सामना दहा जण खेळले. तेव्हा प्रशिक्षक व्लादिचा पोपोविच होता, दोन्ही करंडकांसमोर ल्युप्को पेत्रोविचचं नाव लिहू नका.

1991-92 च्या युरोपियन कपातले ‘घरचे’ सामने बेलग्रेडला झाले नाहीत, युद्धामुळे ते हंगेरी आणि बल्गेरियात खेळवले गेले. मराकानावरच्या युरोपीय सामन्यांचा हिशेब काढताना ते वगळा. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे 1992-93 पासून तीन हंगाम क्लब युरोपात खेळूच शकला नाही. ते रकाने शून्य भरू नका, ‘सहभाग नाही’ लिहा, नाहीतर सरासरी काढताना ते सामने धरले जातील.

तक्तेवाला
स्थिती, देश आणि प्रशिक्षक असे तीन रकाने वाढवले, शेवटचं वाक्य बदललं. शून्यांच्या जागी ‘सहभाग नाही’ टाकल्यावर सरासरीही बदलली. सर्वांचे मनापासून आभार. धाग्याच्या शीर्षकात ‘सुटले’ लिहितो.