जेरी रेमी : तुमच्या घरातल्या संध्याकाळच्या आठवणी सांगा

बेसबॉलचा मोसम सुरू झाला की आमच्या घरी अजूनही कुणीतरी एकदा म्हणतंच, "रेमी असता तर आत्ता काय म्हणाला असता?" म्हणून हा धागा काढतेय. बॉस्टनच्या आसपास राहिलेल्या, राहून गेलेल्या मराठी मंडळींनी रेड सॉक्स या तिथल्या बेसबॉल संघाच्या मॅचचा टीव्ही समालोचक जेरी रेमी याच्या आपापल्या आठवणी इथे लिहाव्यात. सुरुवात मी करते.

2001 च्या मे महिन्यात मी नवऱ्यामागोमाग फ्रेमिंगहॅमला आले. एच-4 व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी एकच होती, ती नवरा घेऊन जाई आणि रात्री उशिरा परते. संध्याकाळी सातला टीव्ही लावला की नेसन वाहिनीवर रेड सॉक्सची मॅच. मोसमात एकशे बासष्ट मॅच, म्हणजे जवळजवळ रोजच. त्याच वर्षी डॉन ऑर्सिलो नवा आला होता. तो मॅचचं वर्णन करायचा आणि शेजारी बसलेला मिशीवाला रेमी काय घडलं ते उलगडून सांगायचा. रेमी मात्र 1988 पासून त्या खुर्चीत होता.

मला सुरुवातीला फक्त चेंडू टाकणारा पिचर आणि फटका मारणारा बॅटर दिसायचे. बाकीचे सगळे नुसते उभे आहेत असं वाटायचं. एकदा पहिल्या बेसवर एक खेळाडू होता, तो पळून दुसरा बेस चोरण्याच्या, म्हणजे फटक्याची वाट न बघता तिथे पोचण्याच्या बेतात होता. तेव्हा रेमीकडून कळलं की दुसऱ्या बेसच्या दोन बाजूंना उभे असलेले शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसमन हातमोज्याआड तोंड लपवून एकमेकांना खूण करतात. उघडं तोंड म्हणजे बेसवर तू जा, मिटलेलं म्हणजे मी जातो. दुसऱ्या दिवशी मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तासभर फक्त त्या दोघांची तोंडं बघत बसले. मला खुणा दिसल्या! बाहेरून बघणाऱ्या मला कुणीतरी आत घेतल्यासारखं वाटलं. या देशात ते पहिल्यांदा.

तो स्वतः सेकंड बेसमन. जन्म 1952 चा, फॉल रिव्हरचा, वाढला शेजारच्या सॉमरसेटमध्ये, म्हणजे पक्का इथला. 1975 ते 77 कॅलिफोर्निया एंजल्सकडे आणि 1978 ते 84 रेड सॉक्सकडे खेळला. अकराशे चोपन्न मॅचमध्ये होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) फक्त सात, चोरलेले बेस मात्र दोनशे आठ. ताकदीचा नव्हे, पायांचा आणि डोक्याचा खेळाडू होता, आणि शेवटी गुडघ्यांनीच त्याला थांबवलं. मला वाटतं म्हणूनच तो इतकं चांगलं शिकवायचा. ज्याला होमरन मारता येत नाही त्याला बाकीचं सगळं बारकाईनं शिकावं लागतं.

आता तुम्ही लिहा. मॅच कुठली, घर कुठलं, शेजारी कोण बसलं होतं, तेवढं सांगितलंत तरी चालेल.

*

केंब्रिज, 1976 पासून

इथे बहुतेकांनी रेमीला फक्त टीव्हीवर ऐकलं असेल. मी त्याला खेळताना पाहिलंय, म्हणून लिहितो.

2 ऑक्टोबर 1978, सोमवार दुपार. मी पीएच.डी. करत होतो. मोसमाअखेर रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यँकीज बरोबरीत राहिले, म्हणून फेनवे पार्कवर एकच निर्णायक मॅच ठरली. लॅबमध्ये कुणीतरी छोटा टीव्ही आणला होता. यँकीजच्या बकी डेंटच्या होमरनबद्दल सगळे बोलतात. मला आठवते ती नववी इनिंग.

यँकीज 5, आपण 4. पिचर गॉसेज. एक बाद, पहिल्या बेसवर रिक बर्लसन. रेमीनं उजव्या बाजूला सणसणीत फटका मारला. तिथे लू पिनेलाच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं, त्याला चेंडू दिसलाच नाही. त्यानं अंदाजानं हात पसरले आणि टप्पा पडलेला चेंडू नेमका त्याच्या हातमोज्यात आला. तो मागे निसटला असता तर बर्लसननं धाव पूर्ण केली असती आणि रेमीनंही कदाचित. चेंडू पिनेलाच्या हाती दिसल्यावर बर्लसन दुसऱ्या बेसवरच थांबला. पुढे जिम राइसचा उंच फटका झेलला गेला, त्यावर बर्लसन फक्त तिसऱ्यावर पोचला. मग यस्ट्रेमस्कीचा झेल उडाला आणि मोसम संपला.

माझ्याबरोबरचा एक आयरिश मुलगा टीव्ही बंद करून भिंतीला टेकून उभा राहिला. मला बेसबॉल तेव्हा अर्धामुर्धाच कळत होता, पण त्याचा चेहरा बघून मीही रेड सॉक्सचा झालो.

दहा वर्षांनी तोच रेमी समालोचनाला आला. उन्हात चेंडू हरवला की तो त्या खेळाडूला कधी बोल लावायचा नाही, असं माझं निरीक्षण आहे. मला दर वेळी पिनेला आठवायचा.

*

श्रूजबरी

माझे बाबा सांगलीहून 2004 च्या मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांचं आयुष्य रेडिओवरचं क्रिकेट ऐकण्यात गेलेलं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकायचे. इंग्रजी बेताचं, त्यात रेमीचा इथला उच्चार, ज्यात 'र' निम्म्या वेळा गायब. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "हा स्वतः खेळलेला आहे. दुसरा नाही."

मी विचारलं, कसं कळलं?

"चेंडू लागायच्या आधी याचा आवाज बदलतो. दुसऱ्याचा लागल्यावर बदलतो."

त्यानंतर मी रोज ते ऐकायला लागलो, आणि खरंच होतं. पिचरनं हात उचलला की रेमीच्या आवाजात काहीतरी ताणलं जायचं.

त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रेड सॉक्सनी शहाऐंशी वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद जिंकलं. पण अंतिम फेऱ्यांचं प्रक्षेपण राष्ट्रीय वाहिनीवर, समालोचक वेगळे. बाबा रोज विचारायचे, "आपला माणूस कुठाय?" 27 ऑक्टोबरला शेवटची मॅच होती. त्या रात्री कोजागिरी, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण! आईनं मसाला दूध आटवून त्यावर तुळशीचं पान घालून झाकून ठेवलं, ग्रहण सुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सेंट लुईसमध्ये शेवटचा खेळाडू बाद झाला तेव्हा आमच्या अंगणावर तांबडा चंद्र होता आणि गल्लीतले लोक बाहेर येऊन ओरडत होते. एकच्या सुमाराला दूध प्यायलो. बाबा म्हणाले, "कार्य झक्क पार पडलं, पण घरचा माणूस मांडवात नव्हता."

बाबा आता नाहीत. ग्रहण लागलं की मला रेमीची आठवण येते.

*

नॅशुआ

माझी आठवण छोटी आहे. रेमीच्या टेबलावर वॉली असायचा, फेनवे पार्कच्या हिरव्या भिंतीवरून बेतलेला हिरवा राक्षस. त्याची बाहुली, तिला बसायला लाकडी खुर्ची. वॉली काल कुठे फिरायला गेला, काय काय केलं, हे रेमी अगदी गंभीरपणे सांगायचा. हा वॉली नवा आला तेव्हा जुन्या चाहत्यांना मुळीच आवडला नव्हता. रेमीनं त्याला घरोघरचा केला.

माझी चार वर्षांची मुलगी वॉली दिसेपर्यंत घास तोंडात घ्यायची नाही. दोन उन्हाळे आमचा वरणभात त्या बाहुलीच्या जिवावर झाला. आज ती स्वतः सॉफ्टबॉल खेळते, सेकंड बेसवर.

*

अ‍ॅक्टन

पिझ्झाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?

16 एप्रिल 2007, बॉस्टन मॅरेथॉनचा सोमवार. राज्याला सुट्टी, रेड सॉक्सची मॅच, बाहेर पाऊस आणि वारा. माझे सासरे दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरला गेले होते आणि नवरा अंत्यविधीला पोचू शकला नव्हता. तेव्हापासून तो घरात असून नसल्यासारखा. जेवायचा, कामाला जायचा, एवढंच.

डाव्या बाजूला एक फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू प्रेक्षकांच्या कडेला उडाला. एंजल्सचा गॅरेट अँडरसन कठड्यावर झेपावला, एका प्रेक्षकानंही हात घातला, झेल दोघांच्याही हातून गेला. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्या प्रेक्षकाच्या अंगावर पिझ्झाचा अख्खा तुकडा फेकला. ऑर्सिलो आणि रेमीनी ते पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा. रेमी एखादा अवघड डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघांना बाद करणं) समजावून सांगावा तसा पिझ्झाचा मार्ग समजावू लागला, आणि हसून हसून दोघांचे शब्द फुटेनात.

नवरा सोफ्यावर आडवा होता. आधी नुसता खांदा हलला. मग तो उठून बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि ते पाणी मग थांबेना. मी जवळ जाऊन बसले. टीव्हीवर ते दोघं अजून हसतच होते. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा रडला तो त्या दिवशी.

ती चित्रफीत आजही दर वर्षी फिरते. लोकांना ती गमतीची वाटते, आहेच. आमच्या घरात ती वेगळी आहे.

*

वूस्टर

वरचं वाचून धीर आला, म्हणून लिहितो. हे मी याआधी फक्त बायकोला सांगितलंय.

2008 च्या शेवटी माझी नोकरी गेली. व्हिसाची घालमेल, घराचे हप्ते. चार महिन्यांनी नवी नोकरी लागली, सगळे म्हणाले सुटलास. पण मी सुटलो नव्हतो. सकाळी गाडी पार्क करून वीस-वीस मिनिटं स्टिअरिंग धरून बसायचो. उतरायला पाय उचलत नसत. आपल्याकडे याला शब्दच नाहीत हो. "मन लागत नाही" म्हटलं की लोक सांगतात, देवळात जाऊन ये, चार दिवस घरी जाऊन ये.

त्याच हिवाळ्यात रेमीचं फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. तो वर्षानुवर्षं सिगारेट ओढायचा, ते त्यानं कधी लपवलं नाही. 2009 च्या मोसमात तो सुरुवातीला थोडे दिवस आला आणि मग दिसेनासा झाला. आम्हाला वाटलं कॅन्सर उलटला. ऑगस्टमध्ये तो परत आला, वाळलेला, ऑर्सिलोच्या शेजारी बसला, आणि मॅच चालू असताना हजारो घरांसमोर त्यानं सांगितलं की आजारपणानंतर मला नैराश्य आलं होतं आणि मी त्यावर मदत घेतली.

मी भांडी पुसत होतो. हातातलं पातेलं तसंच धरून उभा राहिलो. हा माणूस माझ्या मते मैदानावरचा सगळ्यात चिवट. 2007 मध्ये चाहत्यांनी मतं देऊन त्याला 'रेड सॉक्स नेशन'चा अध्यक्ष निवडला होता. तो हे गुडघा दुखतो म्हणावं इतक्या साध्या आवाजात सांगत होता.

पुढच्या सोमवारी मी डॉक्टरांची वेळ घेतली. दोन वर्षं गोळ्या घेतल्या, बोलायला जात राहिलो. आज ठीक आहे.

त्याचा कॅन्सर पुढेही परत परत आला. दर वेळी तो रजा घ्यायचा आणि दर वेळी खुर्चीत येऊन बसायचा. रेमी पुन्हा टीव्हीवर दिसला की मी बायकोला हाक मारायचो, "अगं, आला बघ." तिला माहीत होतं मी हाक का मारतो.

*

एडिसन, न्यू जर्सी

मी यँकीजवाला. माझा धाकटा भाऊ बॉस्टनला असतो, त्याच्याकडे गेलो की रेमी ऐकायला मिळायचा. आमच्या जीटरनं चांगला खेळ केला की तो मोकळेपणानं सांगायचा, हे असं खेळतात, बघून ठेवा. शत्रूच्या घरी बसून आपल्या माणसाचं कौतुक ऐकलंय मी. नमस्कार त्याला.

*

पुणे, कोथरूड (आधी वॉलथम, 2005 ते 2019)

आम्ही 2019 ला कायमचे परत आलो. मोसम सुरू झाला की मुलगा आणि मी पहाटे उठून मॅच बघतो, म्हणजे त्यांच्या आदल्या रात्रीची.

4 ऑगस्ट 2021 ला रेमीनं उपचारांसाठी पुन्हा रजा घेतली. या वेळी तो येईल असं मला वाटत नव्हतं. मुलाला तसं बोलले नाही.

6 ऑक्टोबरची पहाट, साडेपाच. रेड सॉक्स आणि यँकीज, फेनवेवर एकच मॅच, हरेल तो घरी. लाईट गेली होती, म्हणून आम्ही फोनवर बघत होतो. आईनं मेणबत्ती लावून चहा टाकला होता. मॅचआधी मानाचा पहिला चेंडू टाकायला कोण येणार ते मला माहीत नव्हतं. मैदानातून एक गोल्फची गाडी हळूहळू येताना दिसली. आत रेमी बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि तो प्रेक्षकांकडे हात हलवत होता. सगळं फेनवे उभं होतं.

चेंडू झेलायला डेनिस एकर्सली. 1978 च्या संघातला त्याचा जोडीदार आणि पुढे समालोचनातलाही. रेमी उतरला, चेंडू टाकला, एकर्सलीनं तो घेतला आणि पुढे होऊन त्याला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.

आईला बेसबॉल काही कळत नाही. ती कप घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "कोण गं हे? घरचे आहेत का कुणी?"

मुलगा म्हणाला, "हो आजी."

मॅच आपण 6-2 जिंकली. पंचवीस दिवसांनी, 31 ची सकाळ होती आमच्याकडे, वॉलथमच्या जुन्या शेजारणीचा मेसेज आला. फक्त नाव लिहिलं होतं, जेरी. मी मुलाला लगेच उठवलं नाही. रविवार होता, म्हटलं झोपू दे.